एका पत्राची कथा : ब्रोलिओची गढी आणि कियांतीचे द्राक्षमद्य



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्ञानसत्राच्या व्यासपीठावर मद्याचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, मद्यपानाची भलामण करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कोणताही जिन्नस वर्ज्य नसतो. नीळ म्हटली की आपल्याला चंपारण्य आठवते आणि मीठ म्हटले की दांडी. जिन्नस क्षुल्लक असतो, पण त्याच्यामागे जमीन असते, कष्ट असतात, कायदा असतो आणि माणसांचे स्वभाव असतात. इटलीतील कियांती नावाच्या तांबड्या द्राक्षमद्याची कथा ही अशीच कथा आहे. एका करारी माणसाने आयुष्यभराच्या प्रयोगांनंतर लिहिलेल्या एका पत्राचे पुढच्या पिढ्यांनी काय केले, हे तिच्यात पाहावयास मिळते.

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि मॅझिनी, गॅरिबाल्डी व काव्हूर ही तीन नावे आपल्याकडील सुशिक्षितांच्या जिभेवर खेळू लागली. ह्या त्रिमूर्तीच्या मागे उभे असलेले चौथे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ते नाव बॅरन बेत्तीनो रिकासोली ह्याचे. काव्हूरच्या मृत्यूनंतर इटलीचे पंतप्रधानपद ह्याच्याकडे आले. आणि आपण ज्या पत्राविषयी बोलणार आहोत, ते पत्रही ह्याचेच.

प्रथम ह्या माणसाची भूमी पाहू. फ्लॉरेन्स आणि सिएना ही टस्कनी प्रांतातील दोन नामांकित शहरे. ह्या दोहोंच्या मधोमध जो डोंगराळ टापू आहे, तो कियांती. जमीन खडकाळ, काळ्या मातीचे नाव नाही. पायाखाली भुगा होणारा एक पाटीसारखा खडक लागतो, त्याला तिकडे गालेस्त्रो म्हणतात; आणि दुसरा चुनखडीचा कठीण दगड, तो आल्बेरेझे. अशा जमिनीत गहू जेमतेम येतो. पण द्राक्षवेल आणि ऑलिव्ह मात्र धरतात. जी जमीन वेलीला पोटभर खाऊ घालत नाही, तिथल्या फळात रस थोडा पण कसदार असतो, हा द्राक्षबागाईतदारांचा जुना अनुभव आहे.

ह्या टापूच्या दक्षिण टोकाला, गायोले गावच्या हद्दीत, सिएनाच्या ईशान्येस ब्रोलिओची गढी उभी आहे. ११४१ पासून ती रिकासोली घराण्याकडे आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र झाले नव्हते, तेव्हापासून! गढीचे ठिकाण मोठे अडचणीचे. घराणे फ्लॉरेन्सच्या पक्षाचे, आणि समोर नजरेच्या टप्प्यात सिएना. दोन्ही नगरराज्यांचे हाडवैर. त्यामुळे प्रत्येक लढाईचा पहिला तडाखा ब्रोलिओला बसे. १४७८ च्या युद्धात सिएना व नेपल्सच्या सैन्याने ती गढी जमीनदोस्त केली. फ्लॉरेन्सने ती पुन्हा उभारली आणि तोफांच्या माऱ्याला टिकतील असे कोनदार बुरूज तिला बांधले.

ह्या दोन शहरांच्या सीमेविषयी एक दंतकथा तिकडे सांगतात. तंटा मिटविण्यासाठी असे ठरले म्हणे की, पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघावा आणि ते जेथे भेटतील तेथे सीमा ठरावी. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊ घालून गलेलठ्ठ केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा निवडला आणि त्याला उपाशी डांबून ठेवला. तो बिचारा भुकेने व्याकूळ होऊन उजाडण्याच्या कितीतरी आधीच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार लवकर निघाला आणि सिएनाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला. जवळजवळ सगळा कियांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडला. कथा खरी की खोटी हे सोडून द्या. पण आजही कियांतीच्या जुन्या टापूतील बाटलीवर काळा कोंबडा असतो.

अठराव्या शतकाच्या आरंभी ह्या टापूच्या मद्याची कीर्ती एवढी झाली होती की भलत्याच ठिकाणचा माल त्याच नावाने विकला जाऊ लागला. तेव्हा टस्कनीचा अधिपती ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा ह्याने २४ सप्टेंबर १७१६ रोजी एक जाहीरनामा काढला. कियांती, पोमीनो, कार्मिन्यानो आणि आर्नो नदीचे वरचे खोरे ह्या चार प्रदेशांच्या सीमा त्याने आखून दिल्या आणि त्या सीमेबाहेरचा माल ह्या नावांनी विकण्यास बंदी केली. एखाद्या मालाचे नाव आणि त्याची भूमी ह्यांची सांगड कायद्याने घालण्याचा युरोपातील हा फार जुना प्रयत्न होय. नाव शाबूत राहिले. परंतु त्या नावाखाली नेमके काय असावे, हे मात्र जाहीरनाम्याने सांगितले नव्हते. ते काम पुढे बेत्तीनोने केले.

बेत्तीनो रिकासोली १८०९ साली जन्मला. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो पोरका झाला. इस्टेट कर्जात बुडालेली आणि पाठीवर धाकटे भाऊ. शेवटी खास हुकूम काढून त्याला सज्ञान ठरविण्यात आले आणि भावांचे पालकत्व त्याच्याकडे सोपविण्यात आले. ज्या वयात सरदारांची मुले फ्लॉरेन्सच्या नाचगाण्यांत रमत, त्या वयात हा सावकारांचे हिशेब तपासत होता. त्यातून जो स्वभाव घडला तो ताठ, काटकसरी, धर्मनिष्ठ आणि काहीसा रुक्ष. लोक त्याला 'पोलादी बॅरन' म्हणत. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. फ्लॉरेन्समधील एका नृत्यसमारंभात एक तरुण त्याच्या पत्नीशी जरा जास्तच सलगीने वागला. बॅरन तिच्याजवळ गेला, 'आता निघू या' एवढेच म्हणाला, आणि समारंभाच्या वेषातच तिला घोडागाडीत बसवून रात्रभर प्रवास करून थेट ब्रोलिओला घेऊन गेला. गोष्ट तपशिलाने खरी असो वा नसो, लोकांना तो असा माणूस वाटत होता, एवढे तिच्यावरून कळते. तीत त्याच्या पत्नीला काय वाटले, हे मात्र कोणी सांगत नाही.

१८३८ च्या सुमारास त्याने ब्रोलिओला बस्तान हलविले आणि जमिनीत लक्ष घातले. त्या काळी टस्कनीत द्राक्षांचे निराळे मळे क्वचितच असत. गव्हाच्या शेताच्या बांधावर मॅपलची झाडे लावीत आणि त्यांवर वेल चढवीत, मधूनच ऑलिव्ह. तांबडी-पांढरी, कच्ची-पिकली द्राक्षे एकाच पिंपात पडत. असे मद्य उन्हाळा लागला की आंबू लागे. दूरच्या बाजारात ते न्यावे कसे? फ्रान्सचे मद्य मात्र समुद्रापार जाऊन सोन्याच्या मोलाने विकले जाई. बॅरन स्वतः फ्रान्स आणि जर्मनीत हिंडला, तेथली लागवड व तळघरे त्याने पाहिली आणि घरी येऊन प्रयोग आरंभले. कोणती जात कोणत्या उतारावर लावावी, तोडणी केव्हा करावी, रस सालींसह किती दिवस ठेवावा, ह्याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे करीत राहिला.

मध्येच देशाने हाक मारली. १८४७ साली त्याने 'ला पात्रिया' हे वृत्तपत्र काढण्यात पुढाकार घेतला. १८४८ मध्ये तो फ्लॉरेन्सचा नगरप्रमुख झाला. १८५९ मध्ये ग्रँड ड्यूक पळून गेल्यावर टस्कनीच्या अंतर्गत कारभाराची सूत्रे त्याच्या हाती आली. टस्कनीचे वेगळे राज्य ठेवावे, निदान निर्णय लांबवावा, असा दबाव युरोपातील बड्या सत्तांकडून येत होता. पण हा गडी जागचा हलला नाही. मार्च १८६० मध्ये लोकमत घेतले गेले. एकीकरणाच्या बाजूने साडेतीन लाखांहून अधिक मते पडली. वेगळ्या राज्याच्या बाजूने पंधरा हजारही पडली नाहीत. जून १८६१ मध्ये काव्हूर वारला आणि रिकासोली पंतप्रधान झाला. मार्च १८६२ मध्ये दरबारी कारस्थानांना विटून त्याने पद सोडले. १८६६ च्या जूनमध्ये पुन्हा ते पद त्याच्याकडे आले. त्या वर्षीच्या युद्धात फ्रान्सच्या सम्राटाने सांगितले की प्रशियाची साथ सोडा आणि व्हेनिस घ्या. रिकासोलीने दिलेला शब्द मोडण्यास नकार दिला. पुढे प्रशियाने देऊ केलेला मानाचा किताबही त्याने नाकारला, कारण मैत्रीचा तह घडवून आणणाऱ्या ला मार्मोराला तो मिळणार नव्हता. एप्रिल १८६७ मध्ये तो पदमुक्त झाला आणि परत ब्रोलिओच्या तळघरात आला.

२६ सप्टेंबर १८७२ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती ह्यांना एक पत्र लिहिले. तीसहून अधिक वर्षांच्या खटाटोपाचे सार त्यात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. मद्याचा मुख्य आधार सांजोवेझे ही तांबडी जात. सुगंध आणि जोम ह्यांचा मोठा वाटा तिच्याकडून येतो. दुसरी तांबडी जात कानायोलो. ती पहिलीचा कडकपणा मवाळ करते, पण सुगंध हिरावून घेत नाही. तिसरी माल्वाझिया, ही पांढरी. ती मिश्रण हलके करते आणि रोजच्या जेवणाबरोबर घेण्याजोगे बनवते. आणि ह्याच वाक्यात त्याने एक महत्त्वाची सवलत ठेवली आहे : जे मद्य मुरवत ठेवायचे, त्यात ही तिसरी जात घातली नाही तरी चालेल.

श्रोतेहो, ही सवलत कृपा करून ध्यानात ठेवा. पुढचा सारा घोटाळा तिच्यावरूनच झाला.

पण तत्पूर्वी, बॅरनच्या गढीतून जरा खाली उतरून शेतावर जाऊ. तिथे वेली लावणारे, छाटणारे आणि घड तोडणारे हात कोणाचे होते? टस्कनीत शतकानुशतके मेत्झाद्रिया नावाची पद्धत होती. आपल्या अर्धेलीची सख्खी बहीणच म्हणा ना. जमीन व घर मालकाचे, राबणे कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. करार घरातील कर्त्या पुरुषाशी होई आणि सारे कुटुंब त्यात बांधले जाई. मालकाचा कारभारी हिशेबाची वही ठेवी. कुळाच्या नावे बहुधा देणेच निघे. सणावाराला कोंबड्या आणि अंडी गढीवर पोचती करावी लागत. अनेक ठिकाणी घरातील मुलाच्या लग्नालासुद्धा मालकाची परवानगी लागे. रिकासोली आपल्या कुळांना नीतीचे आणि धर्माचे पाठ स्वतः देत असे. त्यांच्या उन्नतीची कळकळ त्याला होती, ह्यात शंका नाही. परंतु बापाने मुलांना शिकवावे तशी ती कळकळ होती, आणि मुलांनी कधी मोठे व्हावे हे त्या बापाने ठरविले नव्हते. चांगल्या मद्याची जी कीर्ती बॅरनच्या नावावर जमा झाली, तिच्यातला निम्मा वाटा, पिकाच्या न्यायाने का होईना, ह्या कुळांचा आहे. बॅरन १८८० साली ब्रोलिओ येथेच वारला.

त्याच्या पश्चात दोन संकटे आली. वेलीच्या मुळ्या खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड सबंध युरोपभर पसरली. ती कियांतीतही पोहोचली आणि जुने मळे नष्ट झाले. दुसरे संकट कीर्तीचेच. गवताने वेढलेल्या फुगीर बुधल्यातले कियांती जगभर लोकप्रिय झाले आणि मागणी एवढी वाढली की टस्कनीतील जो तो आपल्या मालाला कियांती म्हणू लागला. मूळ टापूतील तेहतीस उत्पादकांनी १९२४ साली राद्दा गावी एक संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे आपले चिन्ह घेतले. परंतु १९३२ च्या सरकारी निर्णयाने कियांती हे नाव आजूबाजूच्या फार मोठ्या प्रदेशाला वाटून टाकले. मूळ टापूला 'क्लासिको', म्हणजे अभिजात, एवढे विशेषण देऊन त्याची समजूत घालण्यात आली. कोझिमोने आखलेली सीमा अशा रीतीने विरघळली.

आता १९६७ सालाकडे या. इटलीच्या सरकारने मद्याची नावे व प्रती ह्यांविषयी नवा कायदा केला होता. त्याखाली कियांतीचे नियम ठरले. आधार कोणाचा? अर्थात पूज्य बॅरनच्या पत्राचा! सांजोवेझे पन्नास ते ऐंशी टक्के, कानायोलो दहा ते तीस टक्के, आणि पांढरी द्राक्षे दहा ते तीस टक्के. पांढऱ्यांत माल्वाझियाच्या जोडीला त्रेब्बियानो ही भरघोस पिकणारी पण बेचव जात आली. बॅरनच्या पत्रात तिला जागा नव्हती, शेतकऱ्यांच्या मळ्यांत मात्र ती मुबलक होती. बॅरनने जी जात वगळण्याची मुभा दिली, ती कायद्याने सक्तीची केली. ह्याचा अर्थ असा की, मुरविण्यासाठी जे मद्य रिकासोलीने शहाणपणाचे मानले, पांढऱ्या द्राक्षावाचूनचे, ते १९६७ नंतर कोणी केले असते तर त्याला कियांती म्हणण्यास बंदी होती. खुद्द सूत्रकाराचे मद्य सूत्राच्या नावाने बेकायदा ठरले!

आपल्या परंपरेत सूत्र, भाष्य आणि टीका असा क्रम आहे. सूत्रकाराने 'वा' म्हटले असता भाष्यकाराने 'च' वाचले, म्हणजे काय अनर्थ होतो, हे शास्त्री मंडळींना सांगायला नको. इथे तेच झाले. पण हा केवळ वाचनातला प्रमाद नव्हता. त्याच सुमारास कुळे शेत सोडून शहरातील कारखान्यांकडे निघाली होती. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. दगडी घरे ओस पडली. मालकांनी घाईघाईने बांधावरचे वेल काढून सलग मळे लावले. त्यासाठी जी रोपे निवडली ती पुष्कळ पिकणारी होती. भरपूर आणि पातळ रस, वर सक्तीचे पांढरे द्राक्ष : कियांती म्हणजे स्वस्त माल, असा लौकिक झाला.

तेव्हा काही उत्पादकांनी बंड केले, आणि बंडाचा मार्ग मोठा मौजेचा होता. त्यांनी कायदा मोडला नाही. ते नावच सोडून बसले. फ्लॉरेन्सच्या आंतीनोरी घराण्याने १९७१ च्या पिकापासून तिन्यानेल्लो हे मद्य कियांतीच्या नावावाचून विकण्यास आरंभ केला. १९७५ पासून पांढरे द्राक्ष त्यातून पार काढले आणि फ्रान्सच्या काबर्ने जातीची थोडी जोड दिली. १९७७ मध्ये माँतेव्हेर्तीने येथील उत्पादकाने निव्वळ सांजोवेझेचे मद्य केले. कायद्याच्या लेखी ही सारी 'जेवणाची साधी मद्ये', म्हणजे सर्वांत खालची पायरी. परंतु गिऱ्हाइकाने कायद्याची प्रतवारी मानली नाही. खालच्या पायरीवरचा माल वरच्या पायरीपेक्षा कितीतरी महाग विकला जाऊ लागला. नावापेक्षा वस्तू मोठी ठरली, तेव्हा कायदेमंडळींचे डोळे उघडले.

१९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे किमान प्रमाण दोन टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये क्लासिकोला स्वतंत्र नियमावली मिळाली आणि निव्वळ सांजोवेझेचे मद्यही त्या नावाने विकण्यास मोकळीक झाली. २००६ च्या पिकापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. सक्तीपासून बंदीपर्यंतचा हा प्रवास चाळीस वर्षांच्या आतला! माझ्या मते ही बंदीदेखील बॅरनला सर्वस्वी रुचली नसती. कारण रोजच्या जेवणातल्या हलक्या मद्यासाठी त्याला माल्वाझिया हवी होती. त्याने प्रयोजन पाहून प्रमाण सांगितले होते. कायद्याने एकदा प्रमाण धरले, एकदा सोडले. प्रयोजनाकडे मात्र दोन्ही वेळा पाठच केली.

आणि ब्रोलिओचे काय झाले? ज्या घराण्याचे पत्र कायद्याला आधार झाले, त्याचा मद्याचा व्यवहार आणि नाव १९७० नंतरच्या काळात परदेशी कंपनीच्या हाती गेले. गढी व मळे घराण्याकडे राहिले, पण बाटलीवरच्या नावावर त्यांची सत्ता उरली नाही. १९९३ मध्ये, व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या फ्रांचेस्को रिकासोली ह्यांनी ते परत मिळविले. त्यांनी जुन्या वेली उपटून मळे नव्याने लावले, मातीचे नकाशे करविले आणि सांजोवेझेच्या जुन्या वेलींतून चांगल्या वाणांची निवड सुरू केली. इस्टेट सुमारे बाराशे हेक्टरांची आहे. पैकी द्राक्षे सुमारे दोनशे चाळीस हेक्टरांवर. एकाच इस्टेटीत गालेस्त्रोवरची वेल वेगळा स्वाद देते आणि आल्बेरेझेवरची वेगळा, म्हणून त्यांची मद्येही आता निराळी काढतात. पूर्वजाच्या पत्राचे सोवळे न पाळता त्याच्या नोंदवहीची शिस्त त्यांनी उचलली, असे म्हणता येईल.

ह्या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन आणि भारतीय बंधूंनी भागीदारीत द्राक्षमळे उभे केले आणि टस्कनीच्या तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने तेथे सांजोवेझे लावली. टस्कनीत तिची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते; आपल्याकडे हिवाळा सरता सरता. तिकडे वेल बर्फाच्या थंडीत झोपते. इकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. अशा ठिकाणी १८७२ च्या पत्रातली प्रमाणे घोकून काय उपयोग? उपयोग आहे तो पत्र लिहिणाऱ्याने आधी केलेल्या तीस वर्षांच्या कामाचा : उतार पाहणे, माती पाहणे, चुकलेली तोडणी वहीत लिहून ठेवणे.

पूर्वजांची वचने पाठ करणारा समाज आपला आहे, म्हणून ही कथा येथे सांगावीशी वाटली. वचन पाठ करताना त्यातली मोकळीक गाळू नये, आणि ते वचन कोणाच्या कष्टांवर उभे राहिले हेही विसरू नये.